हौसेची संहिता : ‘ॲडव्हेंचर’ आणि खेळाचे साहित्यशास्त्र

मराठीत ‘हौशी’ या विशेषणाला दोन छटा आहेत. हौशी रंगभूमी, हौशी गायक, हौशी कवी अशा प्रयोगांत एकीकडे लाभाची अपेक्षा न ठेवता केलेल्या कामाविषयीचा आदर असतो, तर दुसरीकडे त्या कामाच्या कच्चेपणाविषयीची सबब असते. समीक्षेने बहुधा दुसरी छटाच प्रमाण मानली आहे. यंत्रांचा, खेळांचा आणि इंटरनेटचा नाद असलेला मनुष्य फावल्या वेळात जे काही करतो, ते फार तर समाजशास्त्राचा विषय ठरते; साहित्यशास्त्राचा ठरत नाही. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी एखादी संहिता निवडावयाची झाल्यास ‘ॲडव्हेंचर’ या संगणकीय खेळाइतकी योग्य संहिता दुसरी क्वचितच सापडेल. ती केवळ शब्दांची बनलेली आहे, ती हौसेतून जन्मली आहे आणि तिच्यावर सुमारे चार दशके गंभीर लेखन होत आले आहे.

या संहितेचे कर्ते विल क्राउदर हे अमेरिकेतील ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या संस्थेत आज्ञावलीकार होते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले अर्पानेट हे जाळे १९६९ साली ज्या गटाने उभारले, त्या गटात त्यांचा समावेश होता. गिर्यारोहण आणि गुहांचे सर्वेक्षण हे त्यांचे छंद होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या भूमिगत गुहासमूहाच्या सर्वेक्षणात ते व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया क्राउदर सहभागी होत. तेथे घेतलेली मापे संगणकावर चढवून त्यांचे नकाशे तयार करण्याचे कामही क्राउदर यांनी केले होते. १९७२ साली फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन समूहांना जोडणारा मार्ग ज्या तुकडीने शोधला, तीत पॅट्रिशिया होत्या. या शोधामुळे तो समूह जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहासमूह ठरला. आज त्याची नोंदलेली लांबी ६५० किलोमीटरांहून अधिक आहे. १९७५-७६च्या सुमारास, पती-पत्नी विभक्त होण्याच्या काळात, क्राउदर यांनी आपल्या दोन लहान मुलींसाठी पीडीपी-१० या संगणकावर फोर्ट्रान भाषेत हा खेळ लिहिला. त्यातील गुहा काल्पनिक नाही; मॅमथ केव्हचाच भाग असलेल्या कोलॉसल केव्हमधील ‘बेडक्विल्ट’ या विभागावर ती बेतलेली आहे. सहकाऱ्यांसमवेत ते १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा संभाषणातून खेळावयाचा खेळ खेळत असत. त्याचाही ठसा या संहितेवर आहे. गुहा, खेळ आणि यंत्र अशा तीन हौसा येथे एकत्र आल्या आणि जाळ्यावरून प्रतींच्या प्रती पसरत गेल्या. स्टॅनफर्ड येथील डॉन वूड्स यांना त्यांपैकी एक प्रत मिळाली. मूळ कर्त्याचा पत्ता ठाऊक नसल्याने त्यांनी जाळ्यावरील प्रत्येक संगणकावर क्राउदर या नावाने पत्र धाडले, परवानगी मिळविली आणि १९७७ साली संहितेचा मोठा विस्तार केला. पुढे सर्वदूर गेली ती ही विस्तारित आवृत्ती होय.

वाचनाची रीत अशी. पडद्यावर, किंवा त्या काळच्या टंकयंत्रावरील कागदावर, एका स्थळाचे दोन-चार वाक्यांत वर्णन येते : रस्त्याचा शेवट, विटांची लहानशी इमारत, झरा, रान. वाचक एक-दोन शब्दांची आज्ञा लिहितो : दिवा घे, उत्तरेस जा, दार उघड. आज्ञा समजली तर कथन पुढे सरकते, नाही तर अडते. चित्र नाही, ध्वनी नाही. गुहेचा अंधार, ओलावा, अरुंद वाटा, धुक्याने भरलेले दालन हे सारे भाषेतच घडते. या संहितेस साहित्य म्हणावे की खेळ, हा प्रश्न इथूनच उद्भवतो.

मेरी ॲन बकल्स यांनी १९८५ साली सान डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात याच संहितेवर प्रबंध सादर केला. पुढे हायपरटेक्स्टचे युग आले आणि जॉर्ज लँडो यांनी १९९२ साली वाचक व लेखक यांच्यातील सीमारेषा पुसट होत असल्याचे प्रतिपादन केले. १९९७ साली दोन महत्त्वाचे ग्रंथ निघाले. ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’मध्ये जॅनेट मरे यांनी संगणकाकडे कथनाचे नवे माध्यम म्हणून पाहिले, ‘सायबरटेक्स्ट’मध्ये एस्पेन आर्सेथ यांनी अशा संहितांत वाचकाला वाट काढण्यासाठी करावा लागणारा श्रम हाच त्यांचा व्यवच्छेदक गुण मानला. मरे यांनी ‘टेट्रिस’ या ठोकळ्यांच्या खेळातही कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकी जीवनाचे रूपक वाचले. त्यावर २००१ साली मार्क्कू एस्केलिनेन यांनी कठोर आक्षेप घेतला. खेळावर कथा लादणे म्हणजे खेळाकडे पाहण्याचेच नाकारणे होय, असा त्या आक्षेपाचा रोख होता. ‘कथनवादी’ आणि ‘क्रीडावादी’ ही पक्षनावे तेव्हापासून रूढ झाली.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट समान गृहीत धरलेली दिसते : कथन आणि खेळ या दोन स्वतंत्र वस्तू असून त्यांपैकी एकीला प्राधान्य द्यावयाचे आहे. मराठी भाषेच्या व्यवहारात ही विभागणी इतकी सरळ नाही. नाटकाचा ‘खेळ’ होतो, दशावताराचा ‘खेळ’ होतो, कोकणात नमन सादर करणारे ‘खेळे’ असतात आणि सोंगट्यांचाही खेळच असतो. अर्थात केवळ शब्दसाम्यावर सिद्धान्त उभारता येत नाही. इंग्रजीतही नाटक आणि क्रीडा यांना एकच शब्द चालतो, तरीही वाद झालाच. परंतु अशा भाषिक साक्षीमुळे एवढे नक्की सुचते, की कथन की खेळ हा प्रश्न विचारण्याआधी संहितेत कोण कोणाशी कसे बोलते, हे पाहिले पाहिजे. ‘ॲडव्हेंचर’चे खरे वैशिष्ट्य तेथे आहे.

या संहितेतील निवेदक आरंभीच्या सूचनांत स्वतःस ‘मी’ म्हणवतो आणि आपण वाचकाचे डोळे व हात होऊ, अशी ग्वाही देतो. त्यानंतरची सर्व वर्णने मात्र द्वितीय पुरुषात येतात. गुहेत कोण आहे? निवेदक असेल, तर वर्णन प्रथम पुरुषात हवे. वाचक असेल, तर निवेदकाला डोळे व हात होण्याचे प्रयोजन नाही. एकाच देहाला ‘मी’ आणि ‘तू’ अशी दोन सर्वनामे लावणारी ही रचना कथनमीमांसेच्या प्रचलित कोष्टकांत सहज बसत नाही. इंग्रजी सर्वनामाच्या सपाटपणामुळे हा पेच तेथे झाकून जातो. या संहितेचे मराठीकरण करू पाहणाऱ्याला मात्र पहिल्याच वाक्यात ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागेल. वाचकाची आज्ञा केवळ धातूच्या रूपात असल्याने ती मराठीत आपोआप एकेरी होते : जा, घे, उघड. निवेदक उलट ‘आपण’ म्हणणार की ‘तू’? पहिल्या पर्यायात तो नोकर ठरतो, दुसऱ्यात सोबती. मूळ संहिता या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे. तो आज्ञा पाळतो, पण आज्ञा समजली नाही असे वारंवार सांगतो. सुचवतो, पण पुरते सांगत नाही. प्रसंगी टोमणाही मारतो.

संस्कृत नाटकाच्या वाचकाला ही व्यक्तिरेखा अपरिचित वाटू नये. नायकाचा सोबती, त्याच्या सेवेत असूनही त्याची फजिती करणारा, निराळ्या भाषेत बोलणारा आणि हेतुतः अथवा अजाणता चुकीचा अर्थ लावणारा पात्रविशेष म्हणजे विदूषक. योहान हुइझिंगा यांचा ‘होमो लुडेन्स’ हा १९३८चा ग्रंथ आज खेळविषयक चिंतनाचा आद्यग्रंथ मानला जातो. त्याच हुइझिंगा यांचा १८९७चा प्रबंध भारतीय नाटकातील विदूषकावर होता, हे फारसे आठवले जात नाही. ‘ॲडव्हेंचर’चा निवेदक विदूषकाचा वंशज आहे असा ऐतिहासिक दावा येथे करावयाचा नाही, क्राउदर यांना विदूषक ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु न समजणे हीच ज्याची नाट्यगत भूमिका आहे, अशा पात्राची कोटी आपल्याकडे तयार आहे आणि ‘निवेदक’ या संज्ञेपेक्षा ती येथे अधिक नेमकी लागू पडते.

या न समजण्याला एक यांत्रिक कारणही आहे. पीडीपी-१० च्या स्मृतीतील ३६ बिटांच्या एककालाही ‘शब्द’ म्हणत आणि अशा एका शब्दात सात बिटांची पाचच अक्षरे मावत. म्हणून वाचकाने लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच निवेदक वाचतो. यंत्राचा शब्द आणि भाषेचा शब्द यांतील हे अंतर म्हणजेच या संहितेची भाषिक मर्यादा होय. या मर्यादेच्या पार्श्वभूमीवर वाचकस्वातंत्र्याची घोषणा तपासली, तर ती पोकळ वाटू लागते. वोल्फगांग इझर यांच्या वाचनसिद्धान्तात संहितेतील रिकाम्या जागा वाचक आपल्या कल्पनेने भरतो. ‘ॲडव्हेंचर’मधील रिकामी जागा एका ठरावीक शब्दानेच भरते आणि तो शब्द आधीच लिहून ठेवलेला असतो. येथे वाचक लेखक होत नाही; लेखकाच्या मनातील शब्द ओळखण्याचा प्रयत्न तो करीत राहतो.

हे वर्णन कोड्याचे आहे. निक माँटफर्ट यांनी ‘ट्विस्टी लिटल पॅसेजेस’ या २००३च्या ग्रंथात या प्रकाराचे नाते कादंबरीपेक्षा कोड्याशी अधिक जवळचे असल्याचे मांडले. या मांडणीचा उपयोग असा, की ती चर्चेला आपल्या काव्यशास्त्रातील एका जुन्या मतभेदापाशी आणून सोडते. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचा विस्ताराने विचार केला आणि क्रीडागोष्ठीतील मनोरंजन, गर्दीत गुप्तपणे बोलणे व इतरांना चकविणे असे तिचे उपयोग सांगितले. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त मात्र ती रसाला विरोधी असल्याने तिला अलंकारत्वच नाकारले. बुद्धी अडली की भावाचा प्रवाह तुटतो, असा या नकाराचा आशय आहे. ‘ॲडव्हेंचर’ला साहित्य म्हणण्यास आज जे कचरतात, त्यांचा आक्षेपही अखेरीस विश्वनाथाचाच आहे.

त्याचे उत्तर संहितेतच शोधले पाहिजे. गुहेच्या एका दालनात पक्षी आहे. वाचकाजवळ पिंजरा असूनही तो पक्षी हाती लागत नाही. जवळ जाताच बिथरतो. वाचक पुन्हा पुन्हा तेच वर्णन वाचतो, आपल्याजवळील वस्तूंची यादी वाचतो आणि अखेरीस त्याच्या ध्यानात येते, की आधी उचललेली काठी पक्ष्याला भिववीत आहे. काठी खाली ठेवली की पक्षी हाती येतो. पुढे वाट अडवून बसलेल्या सापाला हाच पक्षी पळवून लावतो. येथे बुद्धी अडली खरी, पण त्या अडण्यामुळेच एरवी नजरेआड गेले असते असे वर्णन तीन-चार वेळा वाचले गेले. आणि सुटकेचा क्षण हा भित्र्या जिवाचे भय ओळखण्याचाही क्षण ठरला. कोड्याचे उत्तर म्हणजे शस्त्र टाकणे. प्रहेलिका रसाला सर्वत्र विरोधीच असते असे नाही. ती अवधान निर्माण करीत असेल, तर रसाची पूर्वतयारीही करू शकते.

दुसरे उदाहरण वूड्स यांच्या विस्तारातील. वाचक अजस्र ड्रॅगनला मारण्याची आज्ञा देतो. निवेदक उपहासाने विचारतो, कशाने, नुसत्या हातांनी? हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नाही, असे वाचक धरून चालतो आणि दुसरे शस्त्र शोधू लागतो. परंतु त्याने ‘होय’ असे लिहिले, तर ड्रॅगन खरोखरच मरतो. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषमूलक आणि काकुमूलक असे दोन प्रकार केले. काकू म्हणजे अर्थ फिरविणारा स्वरविकार. मुद्रित प्रश्नाला स्वर नसतो. तो वाचक पुरवितो. येथे वाचकाने स्वतःच पुरविलेला उपहासाचा स्वर स्वतःच मागे घेतला, की वाट मोकळी होते. वाचनाच्या सवयीवरच केलेला हा विनोद आहे आणि छापील पुस्तकात तो संभवत नाही, कारण तेथे वाचकाला ‘होय’ म्हणण्याची सोय नसते. खेळाचे नियम आणि भाषेचे अलंकरण येथे वेगळे काढता येत नाहीत. कथनवादी व क्रीडावादी या दोन्ही पक्षांच्या हातून निसटते ते हेच स्थळ.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. वूड्स यांची आवृत्ती सर्वत्र पसरली आणि क्राउदर यांची मूळ आज्ञावली बराच काळ दुर्मीळ राहिली. तेव्हा एक सोयीस्कर समज रूढ झाला : क्राउदर यांनी वास्तव गुहेचे कोरडे चित्र काढले आणि अद्भुताचा भाग वूड्स यांनी घातला. डेनिस जर्झ यांनी स्टॅनफर्ड येथील वूड्स यांच्या जुन्या खात्याच्या जतन केलेल्या प्रतीतून हाती आलेली मूळ आज्ञावली अभ्यासली, केंटकीतील प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने ताडून पाहिली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मंत्रशब्द, बुटके, साप, संपत्ती हे सारे क्राउदर यांच्या पाठातही होते. दुसरीकडे दालनांची रचना व वर्णने खऱ्या गुहेशी लक्षणीय जुळत होती. वास्तव आणि अद्भुत यांची वाटणी दोन लेखकांत करता येत नाही; ती पहिल्या हातातच एकवटलेली होती.

ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या भाषेतील अभ्यासकांना या प्रकरणाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. ‘ॲडव्हेंचर’चा प्रवास नेमका उलट झाला : भर घालण्याची परवानगी हीच त्याच्या प्रसाराची रीत ठरली आणि ३५० गुणांची आवृत्ती, ४३० गुणांची आवृत्ती असे पाठभेद त्यांतील कमाल गुणसंख्येवरून ओळखले जाऊ लागले. मात्र आद्य पाठ मिळविल्याखेरीज प्रक्षेपाविषयी बोलू नये, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

येथेच चरित्रात्मक समीक्षेचा मोह उभा राहतो. विभक्त झालेला पिता, दुरावलेल्या मुली, पत्नीसमवेत मोजलेली गुहा आणि त्या गुहेची शब्दांत केलेली पुनर्रचना, एवढी सामग्री असताना संहितेला विरहकाव्य म्हणण्यास वेळ लागत नाही. परंतु संहितेत दुःखाचा एकही शब्द नाही. कर्त्याच्या हेतूवरून कृतीचा निवाडा करू नये, हा विम्सॅट व बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली दिलेला इशारा येथे पाळलाच पाहिजे. संहितेवरून जे सिद्ध होते ते एवढेच, की वर्णनांत सर्वेक्षकाची काटकसर आहे : दिशा, उंची, रुंदी, दगडाचा प्रकार, वाट कोठे मिळते आणि कोठे बुजते. विशेषणे मोजकी आहेत. ही नजर मापे घेणाऱ्याची आहे. आणि ज्याला त्या मापांतून काही मिळवायचे नाही अशाची आहे. हौस या शब्दाचा चिकित्सक अर्थ येथे हाती येतो. हौस म्हणजे अवधानाचा अभाव नव्हे; फळाची अट नसलेले अवधान म्हणजे हौस.

म्हणूनच वूड्स यांच्या विस्तारातील निर्णायक भर अद्भुताची नसून गुणांची आहे. मूळ पाठात गुणमोजणी नव्हती. विस्तारित पाठात संपत्ती गोळा करून इमारतीत आणली की गुण मिळतात, बेरीज ३५० होते आणि भटकंतीला शेवट येतो. रोजे कायवा यांनी १९५८ साली खेळाच्या दोन टोकांना ‘पाइडिया’ आणि ‘लुडुस’ अशी नावे दिली : मुक्त बागडणे आणि नियमबद्ध खेळ. एकाच संहितेचा या टोकांमधील प्रवास १९७६ आणि १९७७च्या पाठांत दिसतो. शिवाय नव्या पाठात संस्थेच्या कामाच्या वेळी गुहा बंद ठेवण्याची तरतूदही होती. ‘गुहेचे तास’ यंत्राचा चालक ठरवी. फुरसतीला वेळापत्रक मिळाले, ही गोष्ट संहितेच्या आतच नोंदली गेली. १९८० साली ‘झॉर्क’ बाजारात आला आणि हौसेचा हा प्रकार व्यवसायही झाला. या प्रवासाला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. ड्रॅगनचा तो विनोद वूड्स यांच्या पाठातच आहे, हे विसरता येत नाही.

किंबहुना गुणांच्या या हिशेबातच त्याचा उपहासही दडलेला आहे. ३५० पैकी शेवटचा एक गुण मिळविण्यासाठी गुहाशोधकांचे एक मासिक एका आडबाजूच्या दालनात नेऊन टाकावे लागते. मासिक वाचू गेल्यास ते बुटक्यांच्या भाषेत असल्याचे कळते. ते तेथे टाकावे असे सुचविणारी खूण कोठेही नाही. हा गुण मिळविण्याचा खात्रीचा मार्ग एकच : खेळणे थांबवून मूळ आज्ञावली वाचणे. म्हणजे परिपूर्ण विजयासाठी खेळाडूला अखेरीस संहिता-चिकित्सक व्हावे लागते. क्रीडावाद्यांना आणि कथनवाद्यांनाही यात विचार करण्याजोगे काही आहे. या संहितेला साहित्यात जागा द्यावी की न द्यावी, हा वाद तूर्त बाजूस ठेवला तरी चालेल. बारकाईने, पुनःपुन्हा आणि फळाची घाई न करता वाचणे ही साहित्याच्या अभ्यासाची मूळ अट आहे. ती अट ही हौशी कृती आपल्या वाचकाला घालते आणि पूर्णही करून घेते. प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या अनेक कृतींना तेवढे साधत नाही.